आधी मनगटाचे माप छापा, मग ‘सहज सोपे’ म्हणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या आपल्या पुरवणीत मण्यांचे रॅप ब्रेसलेट घरी कसे करावे, यावर अर्धे पान मजकूर आला. फोटो देखणे होते, त्याबद्दल तक्रार नाही. मजकुरात मात्र ‘आवडीचे मणी घ्या’, ‘पुरेसा दोरा घ्या’, ‘नीट ओवा’ आणि शेवटी ‘फावल्या वेळात कमाई करा’ एवढेच हाती लागते. पुरेसा म्हणजे किती? मी आयटीआयमध्ये शिवणकामाची निदेशिका होते. वर्गात ‘पुरेसे कापड घ्या’ म्हणाले असते, तर पहिल्या बाकावरच्या मुलींनी मला तिथल्या तिथे धरले असते. आपल्याला कोणी धरलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन समांतर दोऱ्या, त्यांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे एकेक मणी, एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला फास, आणि ही पट्टी मनगटाला दोनदा-तीनदा गुंडाळायची. लॉस एंजेलिसच्या चॅन लू या मूळच्या व्हिएतनामी डिझायनर बाईंमुळे हा प्रकार जगभर गाजला. माझ्या नातीने तसले एक कॉलेजातून घालून आणले. ती चहा घेत होती तेवढ्यात मी ते भिंगाखाली उलटसुलट करून पाहिले. टाका ओळखीचा वाटला नाही, पण अवघडही वाटला नाही. पुढचे मी घरीच, मोबाइलवरचे व्हिडिओ बघत शिकले. त्या व्हिडिओंतल्या बाई इंचात बोलतात, मणी जपानी वापरतात आणि दोऱ्याची जी नावे घेतात ती साताऱ्यातल्या दुकानदाराने ऐकलेलीही नसतात. आपल्या पुरवणीने हे सगळे आपल्याकडच्या मापात आणि मालात बसवून द्यायला हवे होते. ते काम आता मीच करते.

सुरुवात मनगटापासून. टेप मनगटाभोवती घट्ट न ओढता धरायचा. बायकांचे मनगट साधारण १५ ते १७ सेंटीमीटर भरते, आपण १६ धरू. दोन वेढ्यांचे ३२ झाले, असे समजून कात्री चालवाल तर ब्रेसलेट हातात बसणार नाही, कारण मण्याला जाडी आहे. ४ मिलिमीटरचा मणी मनगटावर बसला की वेढ्याचा घेर सव्वा सेंटीमीटरने वाढतो. गोलाची त्रिज्या २ मिलिमीटरने वाढली की परिघ किती वाढतो हे सातवीच्या पुस्तकात आहे. कोटाच्या आत अस्तर घालताना शिंपी हाच हिशेब करतो. म्हणजे दोन वेढ्यांना ३२ अधिक अडीच, अधिक एक सेंटीमीटर सैलपणा, साडेपस्तीस. त्यातून बटण, फास आणि दोन्हीकडच्या गाठी यांची सुमारे ३ सेंटीमीटर जागा वजा केली की मण्यांची ओळ साडेबत्तीसच्या आसपास येते. त्यात ४ मिलिमीटरचे ८० मणी बसतात. मणी किती तोळे, किती ग्रॅम घ्यायचे हा प्रश्न मग उरतच नाही. ८० मोजायचे आणि फुटके-तुटके धरून दहा जास्त.

दोरी एक मीटर, मधोमध दुमडायची. दुमडलेल्या टोकाशी बटण जेमतेम जाईल एवढा फास ठेवून निरगाठ मारायची. फास आधी करायचा आणि बटण शेवटी बांधायचे, कारण मापात दोन-चार मण्यांचा फरक पडलाच तर तो बटणाच्या बाजूला निस्तरता येतो. फास सैल ठेवू नका. नवी दोरी पुढे आणखी थोडी सैलावतेच, आणि मग बसमधून उतरताना ब्रेसलेट हातातून कधी गेले ते कळतही नाही. बटण मागे कडी असलेले घ्यावे. चार भोकांचे शर्टाचे बटण चालते, पण ते आडवे पडते आणि फासात शिरताना त्रास देते.

दोरी कशाची, हा वादाचा विषय आहे. फोटोत सगळीकडे दीड किंवा दोन मिलिमीटर जाडीची गोल चामड्याची दोरी दिसते. दिसते ती छानच. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवरसुद्धा पांढरी बुरशी येते. घामाने चामडे आधी काळवंडते आणि मग कडक होते. महाबळेश्वर, वाई, सातारा, कोकणपट्टा इथल्या बायकांनी मेण लावलेली सुती दोरी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त पडते, गाठ पकडून ठेवते आणि ओली झाली तर वाळते. चामड्याची हौस असेल त्यांनी दिवाळीनंतर करावे.

ओवण्याच्या दोऱ्याचा हिशेब पुरवणीत नव्हताच. प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा जातो, शिवाय दोन्ही दोऱ्यांना वळसा घालतो. ४ मिलिमीटरच्या मण्याला मिळून सुमारे १८ मिलिमीटर दोरा खर्ची पडतो. ८० मण्यांना जवळजवळ दीड मीटर, दोन्ही टोकांना गाठीसाठी वीत-वीत सोडली की दोन मीटर. शिलाईचा सुती दोरा इथे टिकत नाही. काचमण्याच्या भोकाची कडा धारदार असते, ती दोरा हळूहळू कुरतडते आणि ब्रेसलेट महिन्याभरात मधेच उसवते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा बारीक, पिळाचा दोरा घ्यावा आणि मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोन वेळा ओढून घ्यावा. चपला शिवणारे कारागीर हे पूर्वापार करत आले आहेत. मेणाने दोरा फुलत नाही आणि टाका जिथल्या तिथे राहतो.

आता सुई. आपल्या लेखात ‘साधी सुई’ लिहिले आहे. साध्या सुईचे नेढे बारीक काचमण्यांतून जातच नाही. मण्यांची सुई वेगळी मिळते, १० आणि १२ नंबरची. हातसुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, तर शिलाई मशीनच्या सुईचे उलटे, ११ ची बारीक आणि १८ ची जाड. माझ्या विद्यार्थिनी यात वर्षभर गोंधळायच्या. मण्यांचेही हातसुईसारखेच आहे: ११ नंबरचा मणी सुमारे २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३, आणि ६ नंबरचा ४. शिकणारीने ६ नंबरचेच घ्यावेत. पुरवणीतल्या फोटोत जे ब्रेसलेट आहे ते माझ्या अंदाजाने ८ नंबरच्या मण्यांचे आहे. तेवढ्याच लांबीला त्यात शंभराहून जास्त मणी लागतात. नवशिकीला ते पहिल्याच दिवशी दाखवणे बरे नव्हे.

मणी कुठले घ्यावेत? जपानी मणी एकमेकांची छापील नक्कल असावी तसे सारखे असतात आणि तशीच किंमत घेतात. चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स गावचे मणीही उत्तम. आपल्याकडे उत्तर प्रदेशात पुरदिलनगरला आणि बनारसला काचमणी होतात; बनारसच्या मण्यांना भौगोलिक मानांकनही आहे. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत, हे सगळे एका गल्लीत मिळते. तिथे शनिवारी जाऊ नये, पाय ठेवायला जागा नसते. आपले मणी जाडीला कमीजास्त असतात, पण त्यावर उपाय आहे. ताटात जुना टॉवेल पसरायचा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. त्यावर मणी ओतून जाड एकीकडे, चपटे दुसरीकडे करायचे आणि एका ब्रेसलेटला एकाच ढिगातले घ्यायचे. कमीजास्त मणी लागोपाठ आले की पट्टीला पीळ पडतो, मग कितीही ओढा, ती सरळ होत नाही. अकीक वगैरे दगडी मण्यांचे भोक अरुंद असते. त्यातून दोरा दोनदा जाईल का, ते दुकानातच सुई घालून बघावे. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.

प्रत्यक्ष टाका चार ओळींत सांगते. फासाची बाजू पाटाला किंवा परीक्षेच्या पॅडला चिमट्याने घट्ट लावा. दोरा डाव्या दोरीला बांधून तिच्याखालून मध्ये आणा. मणी ओवून दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये बसवा, सुई उजव्या दोरीखालून बाहेर काढा, वळसा घालून वर आणा आणि त्याच मण्यातून परत डावीकडे न्या. या वेळी दोरा दोऱ्यांच्या वरून जातो. डाव्या दोरीला वळसा घालून पुन्हा खाली, की पुढचा मणी. खालून गेलेला दोरा आणि वरून गेलेला दोरा यांच्या मध्ये दोरी पकडली जाते, एवढीच या विणीची युक्ती. ताण इतकाच द्यायचा की मणी हलणार नाही आणि दोरी आत वाकणार नाही. हे लिहून कळत नाही, हाताला कळते. दिवेलागणीनंतर कृपया करू नका. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, तरी मी दुपारी खिडकीशीच बसते. घरात रांगते मूल असेल तर ताट जमिनीवर ठेवू नका.

आता ज्यासाठी एवढे लिहिले, त्या गोष्टीकडे येते. लेखात ही ‘परदेशातून आलेली नवी कला’ म्हटले आहे. टाका बाहेरचा असेल. पण मनगटावर मणी आपल्याला नवे नाहीत; बारशाला बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतातच. आणि मणी, दोरा, गाठ व ताण यांतले सगळे शहाणपण ज्याच्याकडे आहे तो, दागिने दोऱ्यात ओवून गाठवून देणारा पटवेकरी अजून आपल्या पेठेत बसलेला आहे. मी माझे ब्रेसलेट घेऊन आमच्याकडच्या पटवेकऱ्यांकडे गेले. ते पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून एका बाईची पोत गाठवत होते. हातातले काम पुरे केल्याशिवाय त्यांनी वर पाहिले नाही. मग ब्रेसलेट दोन बोटांत धरून ओढले, उजेडात धरले आणि म्हणाले, “बाई, मणी घेताना रंग नका बघू, भोक बघा.” त्यांनी बारीक तारेवर मणी ओवून, तार मागेपुढे करून, कडा तुटलेले मणी कसे ओळखायचे ते दाखवले. गाठ मण्याच्या पोटात कशी लपवायची तेही दाखवले. कोणत्याही व्हिडिओत मला हे दिसले नव्हते. पैसे घेतले नाहीत. मी घरची पोत त्यांच्याकडे गाठवायला टाकली. सोन्याच्या साखळीतली आखूड मंगळसूत्रे आल्यापासून गाठवायला येणारे कमी झाले, असे ते म्हणाले. आपल्या बातमीदाराला अर्ध्या पानासाठी एक माणूस हवा होता, तर असा कुणी का सुचला नाही?

आणि कमाई. हात बसल्यावरसुद्धा दोन वेढ्यांच्या ब्रेसलेटला मला दोन तास लागतात. दोरी, मणी, बटण मिळून साठ-सत्तर रुपये होतात. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी चार मांडून ठेवली होती. बायकांनी दीडशेच्या वर बोली केली नाही. ‘ऑनलाइन यापेक्षा स्वस्त मिळते’, असेही एकीने तोंडावर सांगितले. म्हणजे तासाला चाळीस-पंचेचाळीस रुपये, त्यात पुण्याचे बसभाडे धरलेलेच नाही. यात विकणारीची चूक नाही आणि घेणारीचीही नाही. पण ज्या घरात खरोखर पैशांची गरज आहे तिथली बाई ‘फावल्या वेळात कमाई’ वाचून पाचशे-हजाराचे मणी आणून बसते. माझ्या नोकरीत शिवणयंत्राच्या बाबतीत मी हेच पुष्कळ वेळा पाहिले आहे. हौसेसाठी शिका असे छापा, त्यात कमीपणा नाही. कमाईचे छापायचे असेल तर सामानाचा खर्च, लागणारे तास आणि विक्रीचा भाव शेजारी छापा. शंभर शब्दांत बसते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. यापुढे हस्तकलेच्या प्रत्येक लेखात सामानाची मापे सेंटीमीटर-मिलिमीटरमध्ये आणि मणी संख्येत द्यावेत. लागणारा वेळ नवशिकीचा द्यावा, करून सराईत झालेल्याचा नव्हे. जिल्ह्यातल्या एखाद्या पटवेकऱ्याला गाठून, त्याला पटेल तेवढे, एकदा छापावे. आणि टाक्याची आकृती फोटोऐवजी रेघांनी काढलेली असावी; फोटोत दोरा मण्यामागे कुठे गेला ते कधीच दिसत नाही.

तशी आकृती मी ट्रेसिंग पेपरवर मूळ आकारात काढून सोबत जोडली आहे. वरून जाणारा दोरा अखंड रेघेने, खालून जाणारा तुटक रेघेने दाखवला आहे. छापताना जागेसाठी लहान करू नये, मापे चुकतील.

कळावे,
एक निवृत्त शिल्प निदेशिका, सातारा