पांढरी दोन

टेलरकाका,

हे पत्र तुम्ही स्वतःहून वाचणार नाही, मला ठाऊक आहे. सूनबाई मोबाइल पुढे धरतील, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून "मागीर वाचतां" (मग वाचतो) म्हणाल आणि मशीनचं चाक फिरवाल. तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही पायडल दाबलंत आणि माझं वाक्य त्या खडखडाटात बुडालं. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. इथे तुमचं मशीन चालत नाही.

तुम्हाला माझी मागची हकिगत फारशी माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारली नाहीत. (हेही आभार मानण्यासारखंच आहे.) मी मिरजेची. आमच्याकडे सतारमेकर गल्ली नावाची आख्खी गल्ली आहे. तिथे भोपळे वाळत पडलेले असतात आणि कुठल्या ना कुठल्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारांची गुंजन जुळवत, बसलेलं असतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात केवढ्या बातम्या आल्या; गल्लीतल्या लोकांनी मात्र त्या दिवशीही दुपारची झोप चुकवली नसावी. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, ते ऐकत मी वाढले. नवव्या वर्षी गुरुजींनी तबल्यावर हात ठेवायला शिकवलं. पुढे नोकरी, लग्न, मूल, सगळं झालं आणि शनिवारची बैठक चालू राहिली, बावीस वर्षं. गाणारी मैत्रीण, पेटीवर तिचे दीर आणि तबल्यावर मी. कार्यक्रम वगैरे फारसे नाहीत. चहा, दोन राग, एक ठुमरी, थोडी भांडणं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात बदली झाली आणि मी फोंड्याला आले. सामानात पहिली उतरवली ती तबल्याची गवसणी. मनात म्हटलं, आपल्याला कसली काळजी? हा तर गाण्याचाच मुलूख. दीनानाथांचं मंगेशी जवळ, गायिका केसरबाई केरकरांचं केरी जवळ आणि लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर तर तालाच्या माणसांचं दैवतच. इथे चार दिवसांत कुणीतरी भेटेल.

चार दिवसांचे नऊ महिने झाले.

पहिल्या मंडळात गेले तेव्हा तिथल्या गृहस्थांनी फार आदराने खुर्ची दिली. मी तबला वाजवते म्हटल्यावर ते माझ्या मागे बघायला लागले. यजमान गाडी लावून येत असतील असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, "तुम्ही? छान छान. आमचं महिलांचं भजन वेगळं असतं, तिथे टाळ धरायला माणसं हवीच आहेत." टाळ धरण्यात कमीपणा नाही, काका. पण शिवणकाम येतं म्हणून सांगत आलेल्या माणसाला तुम्ही दुकान झाडायला लावाल का?

दुसरा ग्रुप जरा शहरी होता. दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी घरी जमणारा, मोठ्या गॅलऱ्या, उत्तम कॉफी. त्यांनी व्हिडिओ मागवला. पाठवला. "मस्त" असं उत्तर आलं, आणि मग काहीच नाही. दोन महिन्यांनी फोन आला की मॅडम, तुमचं मराठी फार सुंदर आहे, आमच्या वर्षाअखेरच्या बैठकीचं निवेदन कराल का? तरीही गेले, कारण तोवर मला कुणाचंही गाणं जवळून ऐकायची भूक लागली होती. तिथे गायकाने मांडी घातली, मोबाइल पेटीवर ठेवला आणि तबल्याचं ॲप सुरू केलं. मध्यलय त्रिताल. "आमचा तबलजी ठरलेला आहे," हे वाक्य मला आधी ऐकवलं गेलं होतं, तो ठरलेला तबलजी हा! त्याच्या पुडीचा (तबल्यावरच्या कातड्याचा) सूर पावसात उतरत नाही, त्याला चहा द्यावा लागत नाही, हे मी मान्य करते. सव्वा तास मी माईक हातात धरून त्याची सम ऐकत उभी होते.

त्या रात्री बसने परत येताना डोक्यात एकच चक्र. केसरबाईंचा आवाज १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेला, आज तो अब्जावधी किलोमीटर लांब पोचलाय. आणि त्यांच्याच तालुक्यात मला एका सतरंजीपर्यंत पोचता येत नाहीये.

घरीही वाजवणं बंद होत आलं होतं. खालच्या मजल्यावरच्यांना डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, त्रास व्हायचा, म्हणून मी त्यावर पंचा टाकून बसायची. पंचा टाकलेला डग्गा म्हणजे तोंडात बोळा कोंबलेलं माणूस. ऑफिसात मात्र टेबलाच्या कडेवर बोटं चालायची, ती शिपायाने पाहिली आणि डोकं दुखतंय का म्हणून गोळी आणून दिली.

मग आषाढ लागला आणि गवसणीची चेन तुटली.

तुमच्या दुकानात मी तबला दाखवायला आलेच नव्हते, हे मुद्दाम सांगते. बाजारात दोन ठिकाणी "अशी चेन नाही" म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही गवसणी उलटी करून आतली शिवण पाहिलीत, अंगठ्याने बुडाची कड दाबलीत आणि विचारलंत, "कोणाचो तबलो?"

"माझा."

मी वाट बघत होते त्या "तुम्ही?"ची. नऊ महिन्यांत इतक्या वेळा ऐकला होता तो शब्द, की त्याची पट्टीसुद्धा मला सांगता आली असती. तुम्ही सुई दातांत धरली होतीत, ती काढलीत आणि विचारलंत, "खंयचो सूर?" (कुठला सूर?)

"काळी एक," मी म्हटलं.

"आमची पांढरी दोन," तुम्ही म्हणालात, म्हणजे पेटीवरची लगतची वरची पट्टी, आणि पुन्हा शिवायला लागलात. चेन बसवून झाल्यावर एकशे वीस रुपये घेतलेत, पाचशेचे सुटे मोजून दिलेत आणि त्याच सुरात सांगितलंत, "बिरेस्तारा सांजे भजन आसता आमगेर. यो." बिरेस्तार म्हणजे गुरुवार हे मला ठाऊक नव्हतं. शेजारणीला विचारून घेतलं.

आता त्या गुरुवारचं.

तुमच्या सोप्यावर बारा-तेरा पुरुष होते. पखवाजवाले कणीक मळत बसले होते. मुलं टाळांच्या दोऱ्या सोडवत होती. मी गवसणी उघडली तर तबला पार उतरलेला. बाहेर फोंड्याचा पाऊस, म्हणजे छपरावर कुणी पोतंभर तांदूळ ओततंय असा. पुडीने इतकं पाणी प्यायलं होतं, की काळी एकलाही लागेना, आणि मला तर त्याच्याही अर्धा सूर वर जायचं होतं. वादकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते: पुडीला सोळा घरं असतात. आधी गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून खाली घ्यायचे, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर, समोरासमोरची घरं मिळवत फिरायचं. ओल्या पुडीचं असं की एक घर चढवावं तर शेजारचं रुसून बसतं.

तुमच्या शेजारी बसलेला तरुण लगेच पुढे झाला. "द्या, हांव लावन दितां." मुलगा चांगला आहे, आता माझा दोस्त आहे, त्याच्यावर राग नाही. पण काका, गेली तीसेक वर्षं कुणी ना कुणी माझा तबला लावून द्यायला पुढे होतच आलं आहे. माझ्या हातातून हातोडी काढून घेणाऱ्यांत मला न आवडणारे लोक होते, आवडणारेही होते. एकदा तर गाणारीच्या नवऱ्याने घेतली होती, तो बँकेत होता.

तुम्ही त्याच्याकडे बघितलंत फक्त. तो मागे सरला. मग तुम्ही डाव्या हाताने पेटीचा भाता ओढलात, उजव्या हाताचं एक बोट पांढरी दोनवर ठेवलंत आणि ते तिथेच ठेवून दिलंत.

अकरा मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून माहीत आहे. त्या अकरा मिनिटांत तुम्ही बोट उचललं नाही, दुसरा सूर दाबला नाही, "झालं?" विचारलं नाही. माझ्याकडे बघतही नव्हता, दारातून पाऊस बघत होता. सूर मात्र अखंड येत होता आणि मी त्याला धरून एकेक घर चढवत होते. तीनदा चुकले. एकदा चढवताना पार वर गेले, पुन्हा खाली आणावं लागलं. तेरा माणसं टाळ मांडीवर ठेवून गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. मला आजवर ऐकू येत आलं होतं ते "मॅडम, आटपा, लोक आलेत." तुमच्याकडे लोक आधीच आले होते आणि बसून राहिले होते.

सोळावं घर लागलं तेव्हा चाटेचा, म्हणजे पुडीच्या कडेचा, नाद आणि तुमचा सूर असे एकमेकांत गेले, की कुठला कुणाचा ते कळेना. मी मान हलवली. तुम्ही बोट न उचलताच "जय जय रामकृष्ण हरी" सुरू केलंत.

मी त्या रात्री वाईट वाजवलं, ते आपण दोघंही जाणतो. बैठकीच्या सवयीने प्रत्येक ओळीनंतर तुकडा, तिहाई, जिथे तिथे माझी हुशारी. अभंग बिचारा अंग चोरून चालला होता. तुम्ही तिसऱ्या अभंगानंतर एवढंच म्हणालात, "मातशें उणें." थोडं कमी. ते दोन शब्द शिकायला मला पुढचे चार महिने लागले. गजरात लय वाढते तेव्हा तबल्याने ओढायचं नाही, टाळांना पुढे जाऊ द्यायचं आणि खालून नुसतं धरून ठेवायचं, हे मला तबल्याच्या कुठल्याही कायद्यात, म्हणजे शिकलेल्या बोलरचनेत, सापडलं नव्हतं. तुमचा पाय मशीनवर कसा चालतो ते बघून जास्त समजलं. खाप्रूमामांचं नाव निघालं की तुम्ही कानाची पाळी धरता, आणि पाय तेव्हाही लयीतच असतो.

भैरवी झाली, उसळ-पाव आला. काकूंनी माझ्या पानात दुसरा पाव न विचारता टाकला. पखवाजवाल्या भाऊंनी स्कूटरवरून घरी सोडलं आणि मी वर जाऊन दिवा लावेपर्यंत खाली इंजिन चालू ठेवून उभे राहिले. खिडकीतून हात केला तेव्हा गेले. दुसऱ्या दिवशी कुणी फोन करून "कसं वाटलं आमच्यात?" विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा माझ्या जागेवर चुंबळी मांडून ठेवलेल्या होत्या, बस्स. या सगळ्या माणसांना मी नीट वागणारी माणसं म्हणेन. मोठ्या मनाची वगैरे म्हटलं तर तुम्ही परत पायडल दाबाल. पण खरं सांगते, नीट वागणं इतकं दुर्मीळ होत चाललंय, की ते दिसलं तर माणूस आधी बिचकतो. मी पहिले दोन गुरुवार हेच शोधत होते की यात यांचा काय फायदा आहे. लाज वाटते लिहायला.

श्रावणात तुम्ही मला वास्कोला दामोदराच्या सप्ताहाला नेलंत. रात्री अडीचला एक मंडळ गात होतं आणि ऐकायला मोजून वीस माणसं, त्यातली निम्मी पेंगणारी. गाणारा मात्र भर सभागृहात गावं तसा गात होता. शंभराहून जास्त वर्षं हे चोवीस तासांचं भजन इथे चाललंय, एक मंडळ उठायच्या आत दुसरं बसतं. तुम्ही खांबाला टेकून डोळे मिटले होते आणि बोटांनी माझ्याच पिशवीवर ठेका धरला होता. अगदी उणा.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. घुमटाची (मडक्याला कातडं मढवलेल्या गोव्याच्या वाद्याची) फजिती विसरलेली नाही मी. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला हे मी वाचून आले होते, घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यापासून बकरीचं मढवतात हेही. अशी सगळी माहिती घेऊन मी ते मडकं काखेत धरलं आणि त्यातून आवाज आला तो खरोखर मडक्याचाच. उजवा हात कातड्यावर ठीक चालला, पण डावा तळवा मागच्या तोंडावर उघडायचा-मिटायचा, ते काही जमेना. अडतीस वर्षं तबला वाजवलेला हात तुमच्या अकरा वर्षांच्या नातवाने मनगटाला धरून हलवून दाखवला. घुमटाबरोबर शामेळ वाद्य वाजवणारे हसले, मीही हसले. पाच घरांच्या आरत्या झाल्या, सहाव्या घरी एकदाचा एक "घुम्म" निघाला. नातवाने माझ्याकडे पाहिलं आणि तुमच्यासारखीच, एक शब्द न बोलता, मान डोलावली.

मिरजेच्या मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगते. ती विचारते, परत यायचंय ना? बदली कधीतरी संपेलच. मी उत्तर टाळते आणि तिला पांढरी दोनमध्ये गायला लावते.

त्या कॉफीवाल्या ग्रुपमधून गेल्या आठवड्यात पुन्हा निरोप आला, तबला वाजवाल का म्हणून. ॲपवाल्या मोबाइलचं काय झालं ते विचारायचं फार मनात होतं. विचारलं नाही. गुरुवारी जमणार नाही एवढंच कळवलं. ते म्हणाले, आमचं तर शनिवारी असतं. तेव्हा आता मला शनिवारसाठीही काहीतरी कारण शोधावं लागणार, किंवा जावं लागणार. तुम्हाला विचारलं तर तुम्ही "वच गो" (जा गं) म्हणाल, म्हणून विचारत नाही.

एवढंच, काका. आणि हो, गवसणीची चेन पुन्हा अडकायला लागली आहे, खालच्या वळणावर. गुरुवारी सहालाच घेऊन येते, भजनाच्या आधी होईल. पैसे घ्या.

तुमची,
तबलावाली बाय