नोकरी बदलली आहे, काळजी नको

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

मॉल सोडून मी हॉस्पिटलात हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून लागले. आता मागे फिरायचं नाही, म्हणून मोडता घालू नका. पगार बरा आहे, पीएफ आहे, कँटीनचं जेवण गरम मिळतं. आप्पाकाकांनी विचारलं तर खुशाल सांगा, सफाईचंच काम आहे.

आई, रोगराईची धास्ती घेऊ नकोस. कावीळ-बीची लस सुरू केली आहे. दुसरा डोस महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. रक्त सांडलं तर त्यावर मॉप फिरवत नाहीत, पसरतं. जाड हातमोजे घालून वर टिपकागद टाकायचा, त्यावर एक टक्क्याचं हायपो, म्हणजे जंतू मारायचं ब्लीचचं पाणी, ओतायचं, निदान दहा मिनिटं थांबायचं, मग सगळं गोळा करून पिवळ्या पिशवीत. हायपो पाच टक्क्यांचं आलं असेल तर एका मापाला चार मापं गार पाणी, तेही रोज ताजं. ठेवलं की त्याचा जोर जातो. फरशीवर आधी साबण, नंतर हायपो. मळ तसाच राहिला तर औषध मळावरच खर्ची पडतं. नव्या मावश्यांना हे पटवताना घसा बसतो! सुया पांढऱ्या डब्यात जायला हव्यात, पण घाईत कुणीतरी पिशवीत टाकतंच. म्हणून पिशवी पाऊण भरली की बांधायची, दाबून जागा करायची नाही, उचलताना मांडीला टेकू द्यायची नाही.

हात खरखरीत झाले असतील म्हणशील. झोपताना खोबरेल लावते, तू लावायचीस तसं, नखांच्या कडेकडेने.

आता माझं ऐका. आई, संडासात ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतायचं नाही, कितीही पांढरं होत असलं तरी. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बाबांना दमा आहे. एक वापरलंस की भरपूर पाणी सोड, दुसरं त्या दिवशी नकोच. खिडकी उघडी ठेव. फिनेलचा हात जरा आवर, जास्त पडलं की फरशी निसरडी राहते. बाबा, पुसल्यावर पंखा लावा आणि वाळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका, पेपर वाचा. रागावून सांगत नाही, तुमच्या गुडघ्यासाठी म्हणते. आणि सुटं ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं असेल, तर ती बाटली आजच मोरीतून हलवा.

तुमची,
पमी