नवीन मशीनचं छापता, जुन्या मशीनचं पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरातलं शेतीचं पान मी नेमाने वाचतो, कामाचं काही असलं तर कापून पण ठेवतो. बियाणं, खतं, रोग-किडी, बाजारभाव सगळं येतं. नवीन मशीन कुठलं आलं, किती हॉर्सपॉवरचं, फीचर्स काय, तेही फोटोसकट येतं. पण ते मशीन एकदा शेडमध्ये येऊन उभं राहिलं की पुढे वर्षानुवर्षं त्याला सांभाळायचं कसं यावर कधी काही वाचायला मिळत नाही, आणि शेती करणाऱ्याचा निम्मा जीव तर तिथेच अडकलेला असतो. म्हणून हे पत्र लिहितोय.

शेतातलं काम वापशावर, म्हणजे जमिनीत पेरण्याजोगी ओल असण्यावर चालतं. वापसा आला की पेरायला मोजके दिवस मिळतात, त्यात नेमकं मशीन बसलं की मिस्त्री दुसरीकडे अडकलेला, पार्ट दुकानात नाही, आणि वर आभाळ भरून आलेलं. ही पळापळ बऱ्याच वेळा टाळता येते, कारण मशीन बिघडलेलं असतं आधीच, फक्त आपल्याला कळतं चालू केल्यावर.

पेरणीयंत्राचंच घ्या ना. पेरणी उरकली की यंत्र तसंच शेडला लावायचं अशी सगळीकडे पद्धत, आणि खताच्या पेटीत थोडं खत राहतंच. ते खत हवेतलं पाणी ओढतं, ओलं होतं, परत वाळतं, खडा धरतं आणि पेटीचा पत्रा खातं, खत पाडणारे रोलर जाम होतात. म्हणून पेटी रिकामी करून पाण्याने धुवायची, पूर्ण वाळू द्यायची, मग ऑइलचा हात फिरवायचा. दुसरं म्हणजे नळ्या. रिकाम्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते आणि बाहेरून काही म्हणजे काहीच दिसत नाही. पेरताना पेटीतलं बी कमी होत असतं कारण बाकीच्या नळ्या चालू असतात, त्यामुळे शंकाही येत नाही, आणि उगवण झाल्यावर कळतं की प्रत्येक फेऱ्यात एक ओळ मोकळी गेलीय, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेव्हा करणार काय? नळी काढून उजेडाकडे धरून आरपार बघायची, बस. आणि पेरणीच्या आधी चाक उचलून हाताने ठरावीक फेरे फिरवायचे, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून पडलेलं बी वेगवेगळं वजन करायचं, कुठली नळी कमी टाकते कुठली जास्त ते शेडमध्येच समजतं.

ट्रॅक्टरचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते एअर क्लिनरकडे, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या भागाकडे, असं माझं मत आहे. ऑइल वेळेवर बदलणारे पण एअर क्लिनर बघत नाहीत. रोटाव्हेटर मारताना, मळणी करताना ट्रॅक्टर धुळीच्या लोटातच उभा असतो, ती धूळ इंजिनात गेली की आतले लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात, मग इंजिन ऑइल खायला लागतं, धूर मारतं, ओढ कमी होते. ऑइल बाथवाला, म्हणजे वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ पकडणारा असेल तर वाटीतलं ऑइल घट्ट झालं की बदलायचं आणि खुणेपर्यंतच भरायचं. कोरडा फिल्टर असेल तर हलक्या हवेने आतून बाहेर फुंकायचा, फरशीवर आपटायचा नाही, कागद फाटला तर दिसत पण नाही आणि धूळ सरळ आत जाते. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो तो पण फॅनच्या बाजूने पुढे फुंकून काढायचा, समोरून हवा मारली तर भुसा अजून आत बसतो. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नये हे कितीही वेळा छापलं तरी कमीच.

आमच्याकडे ट्रॅक्टरची वही बायको लिहिते. अवर मीटरचा, म्हणजे इंजिन किती तास चाललं त्याचा आकडा, ऑइल कधी बदललं, डिझेल फिल्टर कधी, कुठला बेल्ट टाकला, सगळं. त्या वहीत बेअरिंगचे नंबर पण आहेत आणि त्याचा इतका फायदा होतो की काय सांगू. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०५, त्यातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याच्या वर असले तर पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये येतो, म्हणजे २५. फुटलेल्या बेअरिंगवरचा नंबर घासून गेलेला असतो, मग माणूस अंदाजाने पार्ट आणतो, तो बसत नाही, परत जावं लागतं. वहीत नंबर असला की फोनवरच विचारता येतं. यासाठी शिक्षण लागत नाही, पण हे सांगायला कोणीतरी पाहिजे की नाही?

फवारणीचं तर बोलायलाच नको. औषध कुठलं मारायचं यावर पानंच्या पानं येतात पण नोझल, म्हणजे फवारा सोडणारं तोंड, घासलं की तेच औषध जास्त पडतं हे कोणी सांगत नाही. एक मिनिट प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरायचं, नवीन नोझलपेक्षा १० टक्क्यांच्या वर पाणी जास्त आलं की ते नोझल बदलायचं. चोकअप झालं तर मऊ ब्रश वापरायचा, तारेने कोरलं की भोक मोठं होतं. आणि तोंडाने फुंकायचं तर अजिबात नाही, विष आहे ते.

अजून एक, शिअर बोल्ट. हा बोल्ट तुटण्यासाठीच असतो, रोटाव्हेटर दगडाला अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून लोक तिथे कडक बोल्ट टाकतात आणि मग गिअर तुटतात, तो खर्च कितीतरी मोठा.

माझी मागणी एवढीच आहे की हंगाम संपल्यावर मशीन ठेवताना आणि पुढचा सुरू व्हायच्या आधी काढताना, अशा दोन्ही वेळी तुमच्या पानावर देखभालीला जागा द्या. लिहायला अनुभवी मिस्त्रींना बोलवा, त्यांचे हात ज्या मशीनमध्ये गेलेत ती माहिती कुठल्याच पुस्तकात नसते. भाषा साधी ठेवा, स्वतः चालवणाऱ्याला कळेल अशी, कारण मशीनसोबत येणारं पुस्तक बऱ्याच वेळा आपल्या भाषेत नसतं आणि ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही. कंपन्यांनी ती पुस्तकं मराठीत द्यावीत यासाठी पण पेपरने जोर लावायला हवा.

आणि पहिला लेख पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून मशीनला फिरवणाऱ्या दांड्याच्या कव्हरवर छापा ही हात जोडून विनंती. ग्रीस मारायला आड येतं म्हणून ते कव्हर काढून टाकतात आणि परत बसवतच नाहीत. शाफ्टचा वेग ५४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५४० आणि सेकंदाला नऊ फेरे, उपरण्याचं टोक, ओढणी, पदर, सदऱ्याची बाही, काहीही गुंडाळलं गेलं तर माणसाला हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. मळणीच्या वेळी तर घरातले सगळे, पोरंसोरं पण, त्या शाफ्टच्या आजूबाजूला वावरत असतात. कव्हर नसेल तर मशीन चालू करायचं नाही, आणि शाफ्ट फिरत असताना ओलांडायचा नाही, इंजिन बंद करून चावी खिशात घालूनच जवळ जायचं, हे मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर छापलं तरी चालेल.

आपला,
एक शेतकरी वाचक