एकट्या मुलांना पालक हवा

संपादक महाशय,

युरोपातील निर्वासितांच्या बातम्यांत बोटी, कुंपणे आणि निवडणुका असतात. आईवडिलांविना आलेली मुले क्वचितच दिसतात. अशी किमान १० हजार मुले नोंदणीनंतर बेपत्ता झाल्याचे युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस यंत्रणेने जानेवारी २०१६मध्ये सांगितले होते. सगळीच तस्करांच्या हाती लागली असे नाही, काही नातेवाइकांकडे गेली असतील. पण नेमकी कुठे, हे सरकारांनाच ठाऊक नव्हते!

म्हणूनच इटलीचा २०१७चा कायदा मला मोलाचा वाटतो. एकट्या मुलाला सीमेवरून परत धाडायचे नाही, आणि प्रशिक्षण घेतलेल्या साध्या नागरिकाने, बाल न्यायालयाच्या नेमणुकीने, त्याचे पालकत्व घ्यायचे. मूल त्याच्या घरी राहतेच असे नाही. पण शाळाप्रवेश, दवाखाना, आश्रयाचा अर्ज यांसाठी हक्काने भांडणारे माणूस मिळते. एका पालकाकडे सहसा जास्तीत जास्त तीन मुले, त्यामुळे हे काम कागदावर राहत नाही.

२०२३मध्ये मात्र त्याच इटलीने, जागा नाही म्हणून, १६ वर्षांवरील मुलांना काही काळ प्रौढांच्या केंद्रांत ठेवण्याची मुभा दिली. मिसरूड फुटले की पोरगा मोठा झाला, असला हा हिशेब. ही मुभा आधी रद्द व्हावी.

– एक वाचक, सांगली