मंजू, आपला कार्यक्रम मोठा होतोय

प्रिय मंजू,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावली असशील. राग खुशाल धर, पण आधी हे वाच, कारण दुसऱ्या कुणाला सांगून कळणारं नाही. आपला कार्यक्रम सरकारने घेतला. सगळ्या जिल्ह्यांत! मुलांचे वाचनवर्ग आणि तरुणांचं नोकरी-प्रशिक्षण, दोन्ही. सर असते तर त्यांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

आई बरी आहे, माझं बीपी गोळीवर आहे. झालं.

सरकारी योजनेचा मसुदा हातात आला आणि माझी झोप उडाली. त्यात पुस्तकं आहेत, शिक्षकांसाठी मार्गदर्शिका आहे, डॅशबोर्ड तर हवाच. कापलं काय, तर शाळेत जाणारे मेंटॉर आणि नोकरी लागल्यानंतरचे फोन. का, तर प्रति लाभार्थी खर्च खाली आणायचाय. अगं, ज्याच्या जोरावर हे सगळं चाललं, तेच नेमकं काढून टाकलंय.

आपली मेंटॉर रझिया वर्गात गेली की शिक्षकाला काही विचारायची नाही. सरळ मागच्या ओळीतल्या मुलाशेजारी मांडी घालायची आणि परिच्छेदाचा कागद पुढे सरकवायची. मूल अडलं की शब्दांच्या गटात. पुढच्या फेरीला पुन्हा त्याच मुलापाशी. ती येणार हे शिक्षकाला माहीत असायचं, आणि गट ठरल्या वेळी बसायचे ते त्यामुळे. आता तिच्या जागी एक ऑनलाइन तक्ता आहे, तो शिक्षकाने स्वतःच भरायचा.

तू केनिया केनिया करायचीस तेव्हा मी वैतागायचे. परवाच्या बैठकीत मी तेच मांडलं, हस आता. तिथे १९२ शाळांत कंत्राटी शिक्षकांचा प्रयोग झाला. काही ठिकाणी तो स्वयंसेवी संस्थेने चालवला, काही ठिकाणी सरकारने. योजना तीच. संस्थेकडच्या मुलांचे गुण वाढले, सरकारी बाजूला काहीच फरक पडला नाही. देखरेख कमी, पगार रखडलेले, त्यात शिक्षक संघटनेचा विरोध. यावरून तुझा निष्कर्ष ठरलेला: सरकारकडे दिलं की संपलं. तो मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. त्याच केनियात २०१५ पासून तुसोमे हे वाचन-अभियान देशभर चाललं आणि मुलांचं वाचन सुधारलं. तेही सरकारी यंत्रणेतूनच. फरक एवढाच की मार्गदर्शक अधिकारी टॅबलेट घेऊन वर्गात जाऊन बसायचे, आणि प्रवासभत्ता त्या भेटींच्या नोंदींवर मिळायचा. हरयाणातही २०१२-१३ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेची वाचन शिकवायची पद्धत सरकारी शाळांत रुजली, कारण देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः मुलांना शिकवून पाहिलं आणि दिवसातला एक तास त्यासाठीच राखून ठेवला. बिहारमध्ये नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तिथे हाती काही लागलं नाही. म्हणजे सरकारला जमतं. पण माणूस पुन्हा वर्गात गेला पाहिजे.

तरुणांच्या बाजूने तर जीव जास्तच घाबरतो. नव्या योजनेत पोरगा रुजू झाला की त्या दिवशीच ‘नोकरी लागली’ असा शिक्का. पहिला पगार हातात पडण्याआधी खोलीचं भाडं द्यावं लागतं, त्या आठवड्यात किती मुलं परत गेली ते आपण फोनवर ऐकलंय ना! जॉर्डनमध्ये कम्युनिटी कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेल्या मुलींना सहा महिन्यांची वेतन-व्हाउचरं दिली, म्हणजे कामावर ठेवणाऱ्याला पगाराचे पैसे मिळायचे. मुदत होती तोवर नोकऱ्या दिसल्या, मुदत सरली आणि फरक जवळजवळ पुसला गेला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झीच्या २०१७ च्या आढाव्यातलं तुला आठवत असेल: असं प्रशिक्षण शंभर जणांना दिलं तर त्यामुळे नोकरी मिळणारे जेमतेम दोन-तीन. इतक्या बारीक फायद्यातून पाठपुरावा काढला तर उरणार काय? आणि रुजू होण्याचा दिवसच मोजायचा ठरवला तर हे कुणाला दिसणारही नाही.

मी म्हटलं, निम्मे जिल्हे घ्या, मेंटॉर ठेवा. समोरचे अधिकारी शांतपणे म्हणाले, ‘बाकीच्या जिल्ह्यांतल्या मुलांना तुम्ही काय सांगणार?’ मंजू, हा तुझाच जुना प्रश्न. त्यावरून आपण रात्रभर भांडलो होतो आणि काका दोघींना ओरडले होते. चौथीतलं न वाचणारं मूल आपल्या जिल्ह्याची पाळी येईपर्यंत तीन वर्षं थांबत नाही, ते शाळा सोडतं. हे मला अजून टोचतंय. पण त्या जिल्ह्यांत जे पोचेल तो कार्यक्रम नव्हे, त्याचं नाव तेवढं पोचेल. आणि दोन वर्षांनी निकाल शून्य आला की म्हणतील, करून पाहिलं, नाही चालत. मग पुन्हा कुणी हात लावणार नाही.

एक वाट सुचतेय. नवे मेंटॉर नेमायचेच नाहीत. शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आहेतच, त्यांना आधी महिनाभर वर्गात शिकवायला लावायचं आणि भेटींचा भत्ता त्यांना द्यायचा. खर्च वाढेल, पण मसुद्यातल्या उद्घाटनांपेक्षा कमीच असेल. हे आकड्यांत बसवणारी तूच. मला कितीही केलं तरी तुझ्याइतकं स्वच्छ मांडता येत नाही.

तुझी बदली झाली का? अनूच्या निकालाचं काय? घराचं? सगळं एका ओळीत कळव, मी रुसणार नाही.

मसुदा सोबत जोडलाय. खर्चाचा तक्ता शेवटी आहे, तो आधी बघ. पुढची बैठक या महिनाअखेरीस आहे, त्याआधी लाल पेनने खुणा करून पाठव. आणि फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो.

तुझी,
शुभा