तीन जाती निघाल्या म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट सांगता आलं नाही. बाबा स्पीकर लावतात, आणि हे शेजारी ऐकू जावं असं मला वाटत नव्हतं.

माझ्या तपासणीत एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूच्या, तीन जाती निघाल्या: १६, ५२ आणि ५६. आकडा ऐकून आई रडायलाच लागली. मीही आधी धोका तिप्पट असंच धरून बसले होते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, असा गुणाकार नसतो. एकीला दोन-तीन जाती असणं त्यांना रोजचंच. बहुतेक वर्ष-दोन वर्षांत शरीर आपणच घालवतं. बिघडलेल्या जागेचा तुकडा तपासला की त्यामागे सहसा एकच जात सापडते. माझ्यात संशय १६वर, तीच सगळ्यांत चिवट. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी १६ आणि १८ याच दोघी असतात.

कॅन्सर नाही, आई. बायोप्सीत सीआयएन-३ आलंय, म्हणजे त्याच्या आधीची पायरी. ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावल्यावर स्क्रीनवर नखाएवढा पांढरा डाग उमटला, तो मी स्वतः पाहिला. गरम तारेच्या वेटोळ्याने तेवढा भाग काढतील, त्याच दिवशी घरी. पुढे तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत.

आणि जावयाकडे वाकडं बघू नका. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो खरा, पण वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, कधी आणि कुणाकडून आला ते सांगता येत नाही.

आता मूळ मुद्दा. २०००च्या सुमारास आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचे लोक गावोगाव फिरत होते, आठवतं? तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्या अभ्यासात होत्या. तू "मला काय धाड भरलीय" म्हणत कापूस वेचायला निघून गेलीस. पुढे आठ वर्षांत दिसलं ते असं: ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे या कॅन्सरने मरणाऱ्या बायका तपासणी न झालेल्या गावांच्या जवळजवळ निम्म्याच होत्या. एकदाच, आई!

तू साठीत आहेस, अजून एकदाही तपासलेलं नाहीस. नमुना कापसाच्या काडीने घेतात, काही ठिकाणी बाई स्वतःच घेऊ शकते, म्हणजे लाजायचाही प्रश्न नाही.

माझं ऑपरेशन १८ तारखेला आहे. तू १५लाच ये, तुझंही इथेच उरकू. बाबा, एस.टी.चं तिकीट तुम्हीच काढा, तिच्यावर सोडलंत तर कापूस संपल्यावर बघू म्हणेल.

तुमची,
ताई