हायवे सोड, भोरवरून ये

वाई,
८ डिसेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘नवी सायकल आली, पहिली लांबची राइड तुझ्याकडेच. पुण्याहून हायवेने सरळ सुटतो, पाच तासांत वाईत.’ मी तेव्हा नुसतं ‘ये, ये’ म्हणालो, पण फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. म्हणून पत्र लिहायला बसलो. ये, नक्की ये. पण हायवेने येऊ नकोस, भोरवरून ये.

एवढ्या हट्टाचं कारण आहे. दोन वर्षांपूर्वी हायवेवरचा खंबाटकी घाट चढत असताना वळणावर एका लांबलचक ट्रेलरने मला कडेला दाबलं. हँडलचं टोक कठड्याला घासलं आणि मी तसाच कठड्यावर रेललो. लागलं काही नाही, पण अर्धा तास हात थरथरत होते. चालकाला मी दिसलोही नसेन. घरी हे मी कधी सांगितलं नाही, तुला सांगतोय. आणि जिवाची भीती बाजूला ठेवली तरी हायवेवर पाहायला मिळतं काय? पुलावरची नदीच्या नावाची पाटी वाचेपर्यंत पूल संपतो.

भोरच्या वाटेने मी बऱ्याचदा आलो-गेलो. पहिल्या काही खेपांत माझं लक्ष फक्त चढ किती, उतार किती, वेळ किती लागला याच्याकडे. मग एकदा पावसाळ्याच्या शेवटी आंबाडखिंडीत उभा होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी झिरपत होतं. डावीकडचा ओहोळ भोरच्या बाजूला चालला होता, उजवीकडचा वाईच्या. त्या दिवशी मला हा रस्ता कळला. तू मुठेच्या खोऱ्यात राहतोस. कात्रजचा घाट चढलास की ते खोरं मागे पडतं आणि पलीकडे शिवगंगा लागते. तिचं पाणी गुंजवणीत जातं, गुंजवणीचं नीरेत, आणि भोर नीरेच्याच काठावर. पुढे मांढरदेवीचा डोंगर ओलांडलास की नीरेचं खोरं संपतं आणि कृष्णेचं सुरू होतं. घाट चढायचा म्हणजे एका नदीचा निरोप घ्यायचा, उतरायचं ते दुसरीच्या घरी. आणि खिंडीतले ते दोन ओहोळ पुढे भेटतात बरं का! नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा थेट कर्नाटकात, रायचूरजवळ, कृष्णेला. एका पावसाचं पाणी एवढा वळसा घालून पुन्हा एकत्र येतं. तेव्हापासून मी त्या खिंडीत न थांबता पुढे गेलेलो नाही.

आता नीट वाट सांगतो. पहाटे पाचला निघ. कात्रजला नव्या बोगद्याकडे वळू नकोस, जुन्या घाटानेच चढ. शिंदेवाडीपासून कापूरहोळपर्यंत हायवे टळत नाही, पण तो टप्पा उजाडता उजाडता उरकतो. सर्व्हिस रोड मिळेल तिथे तोच धर. कापूरहोळला उजवीकडे वळलास की कानांवरचं ओझं उतरल्यासारखं वाटेल. सायकलच्या चेनचा आवाज पहिल्यांदा तिथे ऐकू येतो. वाटेत भाटघरचं धरण आहे, वेळवंडी नदीवरचं, १९२८ सालचं. पाहायला थांबलास तर पाच मिनिटं, जास्त नको. भोरला पोटभर नाश्ता कर, कारण खरं काम पुढे आहे.

भोर सोडलं की आंबवडे लागतं. तिथला भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आणि नागेश्वराचं देऊळ बघून घे, बाटल्या भरून घे. त्यानंतर आंबाडखिंडीचा चढ. मांढरदेवीचा डोंगर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, तेव्हा चढ हलक्यात घेऊ नकोस. तुझ्या सायकलला पुढे छोटं चक्र ३४ दातांचं आहे म्हणालास, ते ठीक. मागे सगळ्यात मोठं २८चं असेल तर दुकानात सांगून ३२चं बसवून घे. पुण्याच्या सपाटीवर फरक कळत नाही, इथे गुडघ्यांना कळतो. टायर २८ मिलिमीटरचे घाल आणि हवा दगडासारखी टणक भरू नकोस. गावातल्या रस्त्यांवर खडी आणि उखडलेलं डांबर असतं, थोडं मऊ टायर ते गिळून घेतं.

खिंडीच्या अलीकडे एक उजवं वळण आहे. मी तिथे नेहमी उतरतो, दमलो म्हणून नव्हे, तर या दिवसांत तिथे गवत कापून गंजी रचलेल्या असतात म्हणून. सकाळच्या उन्हात त्या वाळक्या गवताचा वास इतका दाट असतो की चढावर लागलेली धाप त्या वासानेच शांत होते. मागच्या वेळी एक आजी गवताचा भारा उतरवून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘बाळा, एवढ्या लांब गाडी का नाय केली?’ म्हटलं, ‘आजी, गाडीतून तुम्ही भेटला नसता.’ त्या हसल्या आणि ओच्यातली बोरं माझ्या हातावर ठेवली.

खिंड ओलांडून काळूबाईला हात जोड आणि खाली बघ. ऊस, हळद, मधे वाईची घरं, शेजारी पांडवगड, आणि समोर सुरीने कापल्यासारखा सपाट पाचगणीचा टेबललँड. उतरताना मात्र दृश्य बघू नकोस. ब्रेक सतत दाबून धरू नकोस, दाब आणि सोड. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नव्हे. एका उतारावर मी ब्रेक धरूनच ठेवले होते, रिम तापली आणि मागची ट्यूब फुटली. नशीब, वेग कमी होता. आणि एक, पौष पौर्णिमेच्या आगेमागे येऊ नकोस. काळूबाईची यात्रा असते, रस्त्याला तीळ ठेवायला जागा नसते.

दुपारी वाईत पोहोचशील. घरी जेव, झोप काढ, संध्याकाळी आपण गणपती घाटावर बसू. ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२मध्ये बांधलं, ते तू गाडीतून पाहिलंच असशील. पायरीवर बसून, पाण्यात पाय सोडून पाहिलेलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मेणवली, वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली ती घंटा. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चमधून आलेली ही घंटा आहे. जवळ जाऊन बघ, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा. मी पहिल्यांदा त्या आकड्यावर बोट फिरवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. समोर नदीत बायका कपडे धूत होत्या, आणि हातात हे तीनशे वर्षांपूर्वीचं धातूचं गार अक्षर. तिथून तसंच धोमला जाऊ. तिथल्या नरसिंहाच्या देवळाच्या आवारात नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय. पलीकडे धरणाचं पाणी. जाताना वारा समोरून आला तर बोलत बोलत जाऊ, परतताना तो ढकलेल.

पसरणी घाट चढून पाचगणीला जाऊ असं तू म्हणशील, ओळखतो मी तुला. चढ सुरेख आहे, बारा-तेरा किलोमीटर, एकसारखा. पण शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. तो तुला एखाद्या मंगळवारी दाखवीन.

त्याऐवजी आपण नदीबरोबर खाली जाऊ. बावधनवरून पाचवड, तिथून थोडा सर्व्हिस रोड, मग लिंब. बगाड निघतं तेच हे बावधन. लिंबला बारा मोटांची विहीर आहे, तिच्यासाठी मी तुला मुद्दाम नेणार. साताऱ्याच्या वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा. पायऱ्या उतरून गेलास की पाण्याच्या वर चक्क एक दगडी महाल लागतो. उन्हात सायकल चालवून तापलेला माणूस त्या कमानीखाली शिरला की पहिली गोष्ट होते ती गारवा, दुसरी शांतता. वर मोटा चालत असतील तेव्हा बैलांचे पाय आणि पाण्याचा धबधबा खालच्या या खोलीत कसा घुमत असेल, याचा विचार करत मी तिथे कितीतरी वेळ बसलोय. एकदा तुझ्यासोबत बसायचंय.

शेवट माहुलीला, कृष्णा-वेण्णा संगमावर. वेण्णाही महाबळेश्वरच्याच डोंगरातून निघते. दोघी एका माहेरच्या, वेगवेगळ्या दऱ्यांनी उतरून इथे भेटतात. लिंबपासून माहुलीपर्यंत गावागावांत विचारत जाऊ, नकाशा नको. उसाचा हंगाम आहे, बांधावर रस मिळेल. फक्त अंधार पडायच्या आत पोहोचायचं. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि बाहेर आलेला ऊस डोळ्यांच्या उंचीवर येतो.

सातारा स्टेशन माहुलीच्याच अंगाला आहे. रविवारी रात्री तू तिथून गाडीने परत जा. सायकल सामानात बुक करावी लागते, तेव्हा तासभर आधी पोहोचू. पॅडल काढायचा स्पॅनर माझ्याकडे आहे. तू दोन ट्यूब, पंप आणि पुढे-मागे चांगले दिवे आण. गूळ-शेंगदाणे मी देतो. कंदी पेढे घेऊनच तुला गाडीत बसवीन, वहिनींना सांगून ठेव.

निघायच्या आदल्या रात्री फोन कर. मी आंबवड्याला साडेनऊपर्यंत येऊन थांबतो, चढ बरोबर चढू.

तुझा,
अनंत